‘फ्यूजन केलंय’ म्हणजे पाइपला नेमकं काय केलंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावच्या पाणी योजनेत ११० मिमीची काळी एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिइथिलीनची, लाइन टाकली. पाणी सोडल्यावर दोन जोड सुटले. तुटलेली तोंडं सपाट आणि गुळगुळीत दिसतात. ठेकेदार म्हणतो, ‘फ्यूजन व्यवस्थित केलंय, मशीन २६० अंशावर होतं.’ प्लंबर म्हणतो, ‘इलेक्ट्रोफ्यूजन करायला हवं होतं.’ मग खरं फ्यूजन कुठलं, आणि जोड का सुटले?

ठेकेदाराच्या त्या एका वाक्यातच अर्धं उत्तर आहे. २६० अंश हे सॉकेट फ्यूजनचं तापमान. घरातले हिरवे पीपीआर, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे, पाइप त्यावर जोडतात. ११० मिमीची एचडीपीई लाइन तोंडाला तोंड लावून जोडली असेल तर ते बट फ्यूजन, आणि त्याची तोंडं तापवणारी प्लेट २०० ते २२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असायला हवी. साइटवर बट, सॉकेट, इलेक्ट्रोफ्यूजन आणि सॅडल या चारही कामांना सरसकट ‘फ्यूजन’ म्हणतात. प्रत्येकाचं तापमान, वेळ, दाब आणि तयारी वेगळी आहे. एकाचे आकडे दुसऱ्याला लावले की जोड दिसायला ठीक आणि आतून कच्चा होतो.

तत्त्व मात्र चारही ठिकाणी एकच. पॉलिइथिलीनला कुठलाही डिंक, सोल्युशन किंवा सिमेंट धरत नाही. पीव्हीसीचा पृष्ठभाग सॉल्व्हेंटमध्ये विरघळतो म्हणून तिथे सोल्युशन चालतं, इथे चालत नाही. साधारण १३० अंशांना पॉलिइथिलीनचे स्फटिक वितळतात, लांबलचक रेणू मोकळे होतात. असे दोन वितळलेले पृष्ठभाग दाबून धरले की एका बाजूचे रेणू दुसऱ्या बाजूत शिरतात, गुंततात, आणि थंड होताना दोन्हीकडचं मिळून नवं स्फटिक बांधलं जातं. नीट झालेला जोड पाइपाइतकाच मजबूत असतो. यासाठी तीन गोष्टी एकदम लागतात: पृष्ठभाग स्वच्छ हवा, वितळलेला थर पुरेसा जाड हवा, आणि थंड होईपर्यंत दाब टिकायला हवा. लोकांचं सगळं लक्ष तापमानाकडे असतं. जोड मात्र बहुतेक वेळा तापवण्याच्या आधी किंवा तापवल्यानंतर बिघडतो.

तुमच्या तुटलेल्या तोंडांकडे परत येऊ. चांगला जोड ताणून तोडला तर प्लास्टिक लांबतं, पांढुरकं होतं, तंतू निघतात. सपाट, गुळगुळीत आणि चकचकीत तोंड म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींत मिसळल्याच नाहीत. याला थंड जोड म्हणतात. तो तीन-चार कारणांनी होतो, आणि कुठल्या कारणाने झाला हे बाहेरच्या वळीवरून बऱ्याच वेळा सांगता येतं. बट फ्यूजनमध्ये दाबामुळे वितळलेलं प्लास्टिक बाहेर येऊन जी दुहेरी गोल कड तयार होते, तिला साइटवर बीड म्हणतात. मी इथे वळी म्हणतो.

आता बट फ्यूजन नीट कसं करायचं ते सविस्तर, कारण तुमची लाइन तीच आहे. आकडे जर्मन वेल्डिंग संस्थेच्या डीव्हीएस २२०७ या पद्धतीचे घेतो. उदाहरणाला ११० मिमी, एसडीआर १७ चा पाइप धरू. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी. पीई ८० आणि पीई १०० या पॉलिइथिलीनच्या प्रती. पीई १०० मध्ये एसडीआर १७ म्हणजे पीएन १०, म्हणजे १० बार दाबाचा पाइप, आणि ११० मिमीला भिंत ६.६ मिमी. तुमच्या पाइपावर छापलेली ओळ वाचा. त्यात पीई ८० की पीई १००, व्यास, पीएन आणि आयएस ४९८४ हा या पाइपांच्या भारतीय मानकाचा क्रमांक, हे सगळं असतं. भिंत कळल्याशिवाय एकही वेळ ठरवता येत नाही.

पाइप क्लॅम्पमध्ये धरण्याआधी टोकं पुसून घ्या. ओरखडा भिंतीच्या दहाव्या भागापेक्षा खोल असेल तर तेवढा तुकडा कापून टाका. सरकणाऱ्या पाइपाखाली रोलर ठेवा. रोलर नसतील तर मातीवरून ओढताना लागणारी ताकद जोडाच्या दाबातून वजा होते, आणि मशीनवरचा काटा बरोबर असूनही तोंडावर दाब कमी पडतो. पाइपाची दूरची उघडी टोकं झाकणाने किंवा प्लास्टिकच्या पिशवीने बंद करा. लांब पाइपातून चिमणीसारखा वारा वाहतो आणि प्लेट आतल्या बाजूने गार होते. ही बारीक गोष्ट वाटते, पण माळरानावर दुपारच्या वाऱ्यात वळी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

मग फेसर, म्हणजे तोंडं तासणारं फिरतं पातं, लावून दोन्ही तोंडं एकाच वेळी तासा. दोन्ही बाजूंनी भिंतीच्या पूर्ण जाडीचा, न तुटणारा किस यायला लागेपर्यंत फेसर चालवायचा. किस तुकड्यातुकड्यांनी येत असेल तर तोंड अजून सपाट झालेलं नाही. आत पडलेला किस काढताना तासलेल्या तोंडाला बोट लागू देऊ नका. घामाचा आणि तेलकटपणाचा एक पातळ थरसुद्धा रेणूंना एकमेकांपर्यंत पोचू देत नाही. दोन्ही तोंडं हलकेच टेकवून पाहा. या व्यासाला फट कुठेही ०.५ मिमीपेक्षा जास्त नको, आणि बाहेरच्या कडांमधला चढउतार भिंतीच्या १० टक्क्यांपेक्षा, म्हणजे इथे ०.६ मिमीपेक्षा, जास्त नको. जास्त असेल तर क्लॅम्प सैल करून पाइप थोडा फिरवा आणि पुन्हा तासा. तासून झाल्यावर तोंडं उघडी ठेवून चहाला जाऊ नये. धूळ बसते, मग सगळं पुन्हा करावं लागतं.

प्लेट, जिला बरेच जण मिरर म्हणतात, हव्या त्या तापमानाला पोचल्यावर आणखी १० मिनिटं थांबा. थर्मोस्टॅट एका बिंदूचं तापमान सांगतो, पूर्ण प्लेटचं नाही. खेड्यात व्होल्टेज पडलेलं असतं तेव्हा हे अधिकच जपायला हवं. खरं तापमान स्पर्शाच्या थर्मामीटरने दोन-चार ठिकाणी मोजा. टेफ्लॉन उडालेल्या चकचकीत जागेवर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवतो. आणि टेफ्लॉन उडालेलं असेल तर ती प्लेट वापरूच नये, कारण तिथे प्लास्टिक चिकटतं, जळतं आणि पुढच्या जोडात कचरा होऊन जातं. गॅसच्या शेगडीवर किंवा ब्लोलॅम्पने तापवलेल्या साध्या लोखंडी प्लेटवर केलेले जोड शेतातल्या कमी दाबाच्या लाइनला कधी कधी टिकून जातात, पण सार्वजनिक पाणी योजनेत ते स्वीकारू नयेत. दिवसाची सुरुवात करताना आणि व्यास बदलल्यावर पहिला जोड फक्त प्लेट साफ होण्यासाठी करायचा आणि कापून फेकायचा. कापडाने पुसून न निघणारी बारीक धूळ त्या जोडाबरोबर निघून जाते.

पुढचे टप्पे घड्याळावर चालतात. दाब ०.१५ न्यूटन प्रति चौरस मिमी. ११० मिमी आणि ६.६ मिमी भिंतीच्या पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण २,१४० चौरस मिमी येतं, म्हणजे लागणारं बळ ३२० न्यूटन, ढोबळ ३३ किलो. हायड्रॉलिक मशीन असेल तर या बळाला सिलिंडरच्या क्षेत्रफळाने भागून येणारा दाब काढा आणि त्यात ओढदाब मिळवा. ओढदाब म्हणजे पाइप नुसता सरकवायला काट्यावर जितका दाब दिसतो तो. तो प्रत्येक जोडाला नव्याने बघायचा, कारण मागे बारा मीटरचा एक पाइप आहे की जोडलेली शंभर मीटर लाइन आहे यावर तो बदलतो. सकाळी एकदा पाहून दिवसभर तोच आकडा वापरणं ही फार मोठी चूक आहे.

या दाबाने तोंडं प्लेटला टेकवा. सगळीकडे १ मिमी उंचीची वळी दिसली की दाब जवळजवळ शून्यावर आणा, ०.०१ न्यूटन प्रति चौरस मिमीपेक्षा जास्त नको, फक्त प्लेटला स्पर्श राहील इतका. आता उष्णता आत मुरू द्या. वेळ भिंतीच्या जाडीच्या दहापट सेकंद: ६.६ मिमीला ६६ सेकंद, ११० मिमी एसडीआर ११ असेल तर भिंत १० मिमी आणि वेळ १०० सेकंद. इथे दाब कमी करायला विसरलं की वितळलेलं सगळं प्लास्टिक बाहेर ढकललं जातं. वळी मोठी आणि झोकात दिसते, पण तोंडावर मिसळायला वितळलेलं काही उरतच नाही. तुमच्या जोडांची वळी फुगीर होती का, हे बघा. फुगीर वळी आणि गुळगुळीत तुटकं तोंड एकत्र दिसलं तर कारण हेच.

यानंतर प्लेट काढून तोंडं एकमेकांना टेकेपर्यंत या भिंतीला ६ सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये. यात क्लॅम्प उघडणं, प्लेट काढणं आणि पुन्हा बंद करणं सगळं आलं. वितळलेल्या पृष्ठभागावर हवेत लगेच साय धरते आणि ती साय जोडात अडकली की थंड जोड तयार. दोन माणसांचा हात बसलेला असावा, नाहीतर गार प्लेटने आधी सराव करून घ्यावा. तोंडं आपटायची नाहीत. हळू टेकवून, मग पुढच्या सुमारे ६ सेकंदांत दाब सारखा वाढवत ०.१५ वर न्यायचा.

आणि मग थांबायचं. ६.६ मिमी भिंतीला पूर्ण दाबाखाली ९ ते १० मिनिटं. १६० मिमी एसडीआर १७ ची भिंत ९.५ मिमी, तिला सुमारे १३ मिनिटं. दिवसाला जास्त जोड बसावेत म्हणून सगळीकडे कापला जातो तो हाच वेळ. वळी वरून टणक लागते म्हणून क्लॅम्प काढतात, पण पॉलिइथिलीन उष्णतेचं फार वाईट वाहक आहे आणि भिंतीच्या मधोमध ते अजून मऊ असतं. अशा वेळी पाइप उचलला, वळवला किंवा चरात टाकला की मध्यभागी बारीक पोकळी राहते. पाणी ओतून गार करणं त्याहून वाईट. बाहेरचा थर आकसून घट्ट होतो, आतला नंतर आकसतो, आणि जोडात कायमचा ताण अडकतो.

ठेकेदाराच्या २६० अंशांबद्दल. तितक्या तापमानाला पृष्ठभागाचं प्लास्टिक हवेतल्या ऑक्सिजनमुळे खराब होऊ लागतं आणि खूप पातळ होऊन वाहून जातं. ‘जास्त तापवलं तर जास्त पक्कं’ हा समज चुकीचा आहे. दुसरी एक गफलत म्हणजे दोन कोष्टकांची सरमिसळ. आयएसओ २१३०७ या बट फ्यूजनच्या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये कमी दाबाच्या पद्धतीबरोबर ०.५२ न्यूटन प्रति चौरस मिमीची जास्त दाबाची पद्धतही आहे. तिच्या वेळा वेगळ्या आहेत. एका पद्धतीचा दाब आणि दुसरीची वेळ घेतली की कुठल्याच पद्धतीचा जोड होत नाही.

तपासणी साधी आहे. वळी दुहेरी, पूर्ण गोल, दोन्ही बाजूंना सारखी असावी, आणि दोन वळ्यांमधली खाच पाइपाच्या पृष्ठभागापेक्षा वर असावी. खाच पृष्ठभागाच्या खाली गेली तर जोड कापायचाच, त्यावर चर्चा नको. बाहेरची वळी खास रंध्याने अखंड पट्टीसारखी काढता येते. त्याने पाइपाला काही होत नाही. ती पट्टी खालच्या बाजूने उलटी वाकवून जागोजागी पाहा. मधोमध चीर उघडली तर तोंडावर घाण किंवा ओलावा होता. प्रत्येक जोडाला मार्करने क्रमांक, वेळ आणि काम करणाऱ्याची खूण लिहायला लावा. ज्या साइटवर हे लिहिलं जातं तिथे थंड होण्याचा वेळ आपोआप पाळला जातो.

आता प्लंबरच्या म्हणण्याकडे. इलेक्ट्रोफ्यूजन म्हणजे आतल्या बाजूला तारेचं वेटोळं असलेला कपलर, म्हणजे दोन पाइप जोडणारी नळी. दोन्ही पाइप त्यात घालायचे, कंट्रोल बॉक्सची वायर लावायची, बारकोड वाचला की मशीन ठरलेला व्होल्ट, बहुतेक फिटिंगना ३९.५, ठरलेल्या वेळेपुरता देतं. हे बट फ्यूजनपेक्षा वरचढ आहे असं नाही. सरळ, मोकळ्या लाइनला बट फ्यूजन चांगलं आणि स्वस्त. चरात दोन्ही बाजूंचे पाइप गाडलेले आहेत आणि एकही सरकू शकत नाही, दोन पाइपांच्या भिंतींची जाडी वेगळी आहे, किंवा जागा अरुंद आहे, तिथे इलेक्ट्रोफ्यूजनच. शहरातल्या गॅसच्या पाइपांवर ते इतकं दिसतं त्याचं कारण हेच.

पण इथे बाहेरून दाब द्यायला कुणी नसतं. वितळून फुगलेलं प्लास्टिक पाइप आणि कपलर यांमधली फट भरतं आणि स्वतःच दाब तयार करतं. म्हणून फट जास्त असेल, पाइप अंडाकृती झाला असेल किंवा वाकडा घुसला असेल तर दाब तयारच होत नाही. गुंडाळीतला पाइप हमखास अंडाकृती असतो. कमाल आणि किमान व्यासातला फरक १.५ टक्क्यांच्या वर, किंवा ३ मिमीपेक्षा जास्त गेला तर गोल करणारे क्लॅम्प लावा.

बट फ्यूजनमध्ये फेसर नवं तोंड काढून देतो. इथे ते काम स्क्रेपरचं. पाइपाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ऊन आणि हवेने खराब झालेला थर असतो, तो वितळला तरी मिसळत नाही. कपलरच्या निम्म्या लांबीपेक्षा थोडं जास्त अंतर मोजून खूण करा, त्या भागावर मार्करने नागमोडी रेघा ओढा आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत सुमारे ०.२ मिमी थर खरवडा. पॉलिश पेपर चालत नाही, तो घाण आत घासतो. करवतीचं पातं एका जागी खड्डा पाडतं आणि शेजारी थर तसाच सोडतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड. पेट्रोल, डिझेल, थिनर नको. त्यांचा तेलकट थर मागे राहतो आणि अनेक जोड त्यानेच जातात. कपलर पिशवीतून अगदी शेवटी काढा.

पाइप कपलरच्या मध्यापर्यंत जायलाच हवा. कमी गेला तर तारेचं वेटोळं उघडं पडतं, तारा सरकतात, एकमेकींना टेकतात आणि मशीन मध्येच एरर देतं. खोलीची खूण दिसत राहिली पाहिजे, म्हणजे नंतर तपासणाऱ्यालाही कळतं. क्लॅम्प लावा आणि फिटिंगवर छापलेला थंड होण्याचा वेळ संपेपर्यंत काढू नका. वितळल्याची खूण दाखवणारी छोटी बोंडं वर आली म्हणजे जोड पास, असं नाही. ती फक्त आत दाब तयार झाला एवढं सांगतात, पाइप खरवडला होता की नाही हे सांगत नाहीत. जनरेटर मध्येच बंद पडला तर लगेच दुसऱ्यांदा करंट देऊ नका. तो जोड कापून नवा करणं सुरक्षित. पाइपातून पाणी ठिबकत असेल तर इलेक्ट्रोफ्यूजन होत नाही, कारण वाफ होऊन पोकळ्या राहतात.

सॉकेट फ्यूजन घरातल्या पीपीआरचं. २६० अंश इथे बरोबर. २० मिमी पाइपाला ५ सेकंद तापवणं आणि ४ सेकंदांत जोडणं, २५ मिमीला ७ आणि ४, ३२ मिमीला ८ आणि ६. पाइप आणि फिटिंग दोन्ही एकदम साच्यावर चढवा आणि सरळ घाला, पिळू नका. जास्त आत ढकलला किंवा जास्त तापवला तर आतून कडं तयार होऊन भोक अरुंद होतं, आणि नंतर ‘वरच्या मजल्यावर प्रेशर नाही’ अशी तक्रार येते. मधे किंवा वर ॲल्युमिनियमचा थर असलेला पाइप असेल तर कंपनीच्या सूचनेप्रमाणे तो थर खरवडून काढावा लागतो. पीपीआर आणि पॉलिइथिलीन एकमेकांत फ्यूज होत नाहीत, कितीही तापवा.

सॅडल म्हणजे चालू मुख्य लाइनवर नळजोडणीसाठी बसवायचं खोगीर. तारेचं, म्हणजे इलेक्ट्रोफ्यूजनचं, सॅडल असेल तर खरवडण्यापासून थंड करण्यापर्यंत सगळे नियम इलेक्ट्रोफ्यूजनचेच. शिवाय भोक पाडण्याआधी त्या फांदीची दाबचाचणी करून घ्या, कारण नंतर गळती निघाली तर मुख्य लाइन बंद करावी लागते.

तुमच्या लाइनचं पुढे काय करायचं? सुटलेले दोन जोड दुरुस्त करून थांबू नका. त्याच माणसाने त्याच मशीनवर केलेले बाकीचे जोड तसेच असण्याची शक्यता मोठी आहे. उघडे असलेले किंवा सहज उकरता येणारे दोन-तीन जोड निवडून वळी काढून वाकवून पाहा. एक जोड कापून, त्यातून लांबीच्या दिशेने पट्ट्या काढून वाकवा. चांगला असेल तर पट्टी वाकते, जोडावर उघडत नाही. जर उघडली, तर त्या टप्प्यातले सगळे जोड पुन्हा करायला सांगणं योग्य आहे.

सुटलेला जोड दोन्ही बाजूंनी कापा. मध्ये नवा तुकडा घाला. एक टोक मोकळं करता आलं तर तिथे बट फ्यूजन, आणि शेवटच्या जोडाला इलेक्ट्रोफ्यूजन कपलर, मधली अडणी नसलेला, म्हणजे तो आधी पूर्ण एका पाइपावर सरकवून मग मध्यावर आणता येतो. हा शेवटचा जोड सकाळी गार वेळेत करा. पॉलिइथिलीन दर मीटरला दर अंशाला साधारण ०.१८ ते ०.२ मिमी लांबतं. १०० मीटर उघडी लाइन २० अंशांनी गार झाली तर ती ३६ ते ४० सेंटीमीटर आकसते. मे महिन्यात दुपारी ताणून बसवलेला जोड रात्री किती ओढला जाईल, याचा अंदाज यावरून येईल.

पाणी थांबतच नसेल तर फ्यूजनचा हट्ट सोडा आणि कॉम्प्रेशन कपलर (आवळून बसणारा) किंवा फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) लावा. फ्लँजसाठी स्टब एंड, म्हणजे कॉलर असलेला प्लास्टिकचा टोकाचा तुकडा, बट फ्यूजनने जोडण्याआधी लोखंडी रिंग पाइपावर सरकवून घ्या. ती नंतर जात नाही आणि चांगला जोड कापावा लागतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा आणि काही तासांनी पुन्हा आवळा, कारण प्लास्टिक दाबाखाली हळूहळू बसतं.

दाबचाचणीत पाणी खालच्या टोकाने हळू भरा, उंचावरच्या व्हॉल्व्हने हवा काढा, पाइपाच्या अंगावर माती टाका पण जोड उघडे ठेवा. कामाच्या दाबाच्या दीडपट दाब दिल्यावर सुरुवातीला काटा उतरेल. ती गळती असेलच असं नाही, पाइप फुगतो म्हणून तसं होतं. थोडं थोडं पाणी भरत दाब टिकवा आणि पाइप स्थिरावल्यावरच निकाल ठरवा. हवेने चाचणी कधीही करू नका. सुटलेल्या टोकातून दाबलेली हवा माणूस मारू शकते.